दगडापेक्षा वीट मऊ : हॅमिल्टनच्या मतदारांचा हिशेब



ग्लासगो महानगराच्या आग्नेयेस, क्लाइड नदीच्या खोऱ्यात हॅमिल्टन नावाचे एक गाव आहे. कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांवर पोसलेला हा लॅनार्कशायरचा परगणा. खाणी कधीच मिटल्या, शेजारच्या मदरवेलचा रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. जगाच्या नकाशावर या गावाला फारसे स्थान नाही. परंतु १९६७, १९७८, १९९९, २०२३ आणि २०२५ अशा पाच पोटनिवडणुका या गावाने आणि त्याच्या परिसराने पाहिल्या, आणि त्यांतील किमान दोन निकालांनी ब्रिटनच्या राजकारणाला आपली दिशा पुन्हा तपासावयास भाग पाडले. मतदार आपल्या आवडीच्या पक्षाला सोडून दुसऱ्याच पक्षाच्या नावापुढे फुली का मारतो, आणि त्याने तसे करावे म्हणून पक्ष कोणकोणत्या क्लृप्त्या योजतात, हे पाहावयाचे असेल तर हॅमिल्टनसारखी पाठशाळा दुसरी नाही.

ज्याला तिकडे डावपेचाचे मतदान म्हणतात, त्याचे सार आपल्या एका म्हणीत आहे : दगडापेक्षा वीट मऊ. आपला उमेदवार निवडून येण्याची शक्यता नाही, नावडता उमेदवार मात्र येऊ शकतो. मग त्याला पाडू शकेल अशा तिसऱ्याच्या पारड्यात मत टाकायचे. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते तीस टक्के का असेनात, या पद्धतीचे हे अपत्य आहे. हीच पद्धत आपणही ब्रिटनकडून घेतली. फरक आहे तो पुढच्या व्यवहारात. आपल्याकडे मतविभाजन टाळण्याचे काम नेते करतात. जागावाटपाच्या बैठका होतात, एक पक्ष माघार घेतो, दुसरा त्याची भरपाई करतो. स्कॉटलंडमध्ये मोठे पक्ष बहुधा प्रत्येक मतदारसंघात उमेदवार उभे करतात. माघार घेणे त्यांना नामुष्कीचे वाटते. त्यामुळे जी तडजोड आपल्याकडे नेते बंद दाराआड करतात, ती तेथे मतदाराला एकट्याने, मतदानकक्षात, हातात पेन्सिल घेऊन करावी लागते.

त्यात स्कॉटलंडची म्हणून एक स्वतंत्र अडचण आहे. इंग्लंडमध्ये लढाई मुख्यतः एका रेषेवर होते : एका टोकाला मजूर पक्ष, दुसऱ्या टोकाला हुजूर पक्ष. स्कॉटलंडमध्ये या रेषेला छेद देणारी दुसरी रेषा आहे. स्कॉटलंडने ब्रिटनमध्ये राहावे की स्वतंत्र व्हावे? या दुसऱ्या प्रश्नावर मजूर आणि हुजूर एका बाजूला येतात आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजेच एसएनपी, समोर उभी राहते. पहिल्या प्रश्नावर मात्र एसएनपी आणि मजूर पक्ष यांच्यात फारसे अंतर नसते. हुजूर पक्ष दोघांचाही विरोधक. तेव्हा मजूर पक्षाच्या एखाद्या निष्ठावंताला विचारले, की तुमचा दुसरा पसंतीचा पक्ष कोणता, तर त्याचे उत्तर त्या दिवशी कोणता प्रश्न त्याच्या मनात वर आहे यावर अवलंबून. प्रत्येक पक्षाची खटपट असते ती ही, की मतदानाच्या दिवशी आपल्या सोयीची रेषा वर यावी.

१९६६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॅमिल्टनमध्ये दोनच उमेदवार होते. मजूर पक्षाला ७१ टक्के, हुजूर पक्षाला सुमारे २९ टक्के. असा बालेकिल्ला, की तेथे प्रचार करणे म्हणजे औपचारिकता. पुढच्याच वर्षी तेथील खासदार टॉम फ्रेझर यांनी राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. एसएनपीने विनी यूइंग या ग्लासगोच्या तरुण वकील महिलेला उभे केले. २ नोव्हेंबर १९६७ ला निकाल लागला तेव्हा यूइंग यांना १८,३९७ मते आणि मजूर उमेदवार अलेक्झांडर विल्सन यांना १६,५९८ मते मिळाली होती. मताधिक्य १,७९९. या निकालात एक आकडा फारसा चर्चिला जात नाही : हुजूर पक्ष २९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. मजूर पक्षाचे असंख्य मतदार सत्तारूढ हॅरॉल्ड विल्सन सरकारवर रुष्ट होऊन यूइंग यांच्याकडे गेले, हे उघडच आहे. पण ज्या हुजूर मतदारांना स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मुळीच नको होते, त्यांच्यापैकीही मोठा भाग तिकडे वळल्याखेरीज हा निकाल शक्य नव्हता. मजूर पक्षाला झोडपण्यासाठी हाती सापडलेली ती काठी होती. काठी कोणत्या झाडाची, याची चौकशी त्या दिवशी कोणी केली नाही.

परिणाम मात्र दूरगामी झाले. दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी पर्थ येथील पक्षपरिषदेत स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देण्याचे धोरण जाहीर केले. मजूर सरकारने १९६९ मध्ये राज्यघटनेचा विचार करण्यासाठी शाही आयोग बसवला. एका गावच्या पोटनिवडणुकीने दोन्ही बड्या पक्षांना आपापल्या पोथ्या बदलावयास लावल्या. आणि यूइंग? १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच विल्सन यांनी त्यांचा पराभव केला. उसनी मते घराकडे परतली होती.

विल्सन यांच्या निधनामुळे १९७८ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली. एसएनपीने १९७३ मध्ये ग्लासगो गोव्हन जिंकणाऱ्या मार्गो मॅकडोनाल्ड यांना उतरवले. मजूर पक्षाचे जॉर्ज रॉबर्टसन सहज विजयी झाले. नंतरच्या वर्षभरात दोन्ही पक्षांतील वैराला जी धार चढली, तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात स्कॉटिश विधानसभेच्या बाजूने बहुमत झाले, परंतु एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांची अट पुरी न झाल्याने ते निष्फळ ठरले. चिडलेल्या एसएनपीचे ११ खासदार २८ मार्च रोजी मजूर सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावाच्या बाजूने गेले. सरकार ३११ विरुद्ध ३१०, म्हणजे एका मताने पडले. मे महिन्यात मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि एसएनपीचे ११ चे २ खासदार उरले. तेव्हापासून लॅनार्कशायरच्या मजूर कार्यकर्त्याने एसएनपीला ‘थॅचरना आणणारे’ म्हणून हिणवावे आणि एसएनपीच्या कार्यकर्त्याने मजूर पक्षाला ‘लंडनचे हस्तक’ म्हणावे, हा शिरस्ता पडला. ज्यांची धोरणे एकमेकांच्या इतकी जवळ, त्यांचे वैर इतके कडवट का, याचे कारण भाऊबंदकी जाणणाऱ्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९९९ ची गोष्ट थोडी गमतीची. रॉबर्टसन यांची ‘नाटो’च्या सरचिटणीसपदी निवड झाली. हेच रॉबर्टसन १९९५ मध्ये म्हणाले होते, की स्कॉटलंडला स्वतःचे पार्लमेंट दिले की स्कॉटिश राष्ट्रवाद समूळ संपेल. त्यांच्या रिकाम्या झालेल्या हॅमिल्टन साउथ मतदारसंघात, पार्लमेंट सुरू होऊन चार-पाच महिने होतात न होतात तोच, विनी यूइंग यांच्या कन्या ॲनाबेल यूइंग उभ्या राहिल्या आणि पंधरा हजारांहून अधिक असलेले मजूर मताधिक्य त्यांनी ५५६ वर आणून ठेवले. मजूर पक्षाचे बिल टायनन कसेबसे निसटले. पण खरी शोभा झाली लिबरल डेमोक्रॅट पक्षाची. हॅमिल्टनच्या फुटबॉल संघाला स्वतःचे मैदान उरले नव्हते. गावात मैदान हवे, एवढ्या एका मागणीसाठी उभ्या राहिलेल्या उमेदवाराला १,०७५ मते पडली आणि त्याची अनामत वाचली. देशातील तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष, एडिंबरोत मजूर पक्षाचा सत्तेतील भागीदार, ६३४ मते घेऊन सहाव्या क्रमांकावर गेला. जेथे दोघांची अटीतटीची लढत असते तेथे तिसऱ्याचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उसने दिलेले मत परत येईलच याची शाश्वती नसते. १९७० मध्ये ते परत आले. २०१४ नंतर आले नाही. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात मजूर, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या तिघांनी एकत्र प्रचार करून स्वातंत्र्याचा प्रस्ताव ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी पराभूत केला. सामना जिंकला, पण हुजूर नेत्यांशेजारी व्यासपीठावर उभे राहिल्याची किंमत मजूर पक्षाने आठ महिन्यांत मोजली. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील त्याचे खासदार ४१ वरून १ वर आले. एसएनपीने ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. पंचेचाळीस टक्के एका पक्षामागे एकवटले होते, पंचावन्न टक्के तिघांत विभागले होते. साधे अंकगणित. तेव्हापासून स्वातंत्र्यविरोधी मतदारांनी आपला पक्ष विसरून एसएनपीला हरवू शकेल त्याला मत द्यावे, हा विचार मूळ धरू लागला.

पक्षनेत्यांना मात्र हे उघड बोलणे जड जाते. एप्रिल २०२३ मध्ये हुजूर पक्षाचे स्कॉटलंडमधील नेते डग्लस रॉस यांनी, एसएनपीला हरवण्यास जो सर्वांत समर्थ उमेदवार असेल त्याला मत देण्याचा विचार मतदारांनी करावा, असे सूचित केले. लंडनच्या पक्षकार्यालयाने तत्काळ ही पक्षाची भूमिका नसल्याचे स्पष्ट केले. आणि ते स्वाभाविकच होते. उन्हापावसात पत्रके वाटत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला त्याच्याच नेत्याने सांगावे, की यंदा शेजारच्याला मत द्या. मग त्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी कोणत्या उत्साहाने घराबाहेर पडावे? हा प्रश्न रॉस यांच्या विधानावरील चर्चेत कोणी फारसा विचारला नाही, पण पक्षबांधणी करणाऱ्याला तो प्रथम सुचेल.

रॉस यांचे म्हणणे पक्षाने नाकारले तरी मतदारांनी त्याच वर्षी अमलात आणले. रदरग्लेन अँड हॅमिल्टन वेस्ट हा मतदारसंघ २०१५ मध्ये एसएनपीने, २०१७ मध्ये मजूर पक्षाने अवघ्या २६५ मतांनी आणि २०१९ मध्ये पुन्हा एसएनपीने जिंकला होता. तेथील खासदार मार्गारेट फेरिअर यांनी २०२० मध्ये कोरोनाची लागण झाल्याचे ठाऊक असूनही लंडनहून रेल्वेने प्रवास केला. न्यायालयाने दोषी ठरवले, संसदेने ३० दिवस निलंबित केले, आणि मग मतदारांनी परत बोलावण्याच्या अर्जावर सह्या केल्या. दहा टक्के सह्या पुरेशा होत्या. ११,८९६ जणांनी, म्हणजे साडेचौदा टक्क्यांहून अधिक मतदारांनी सही केली. स्कॉटलंडमधील हा पहिलाच प्रसंग. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे मायकेल शँक्स ९,४४६ मताधिक्याने निवडून आले. २०१९ मध्ये १५ टक्के मते असलेला हुजूर पक्ष ३.९ टक्क्यांवर आला आणि त्याची अनामत जप्त झाली. पाच टक्क्यांखाली गेले की ५०० पौंड सरकारजमा, हा तेथील नियम.

आता जून २०२५. स्कॉटिश पार्लमेंटमधील मंत्री क्रिस्टिना मॅकेल्वी यांच्या निधनाने हॅमिल्टन, लार्कहॉल अँड स्टोनहाउस ही जागा रिकामी झाली. यातील लार्कहॉल हे गाव प्रॉटेस्टंट आणि ब्रिटननिष्ठ कडवेपणासाठी प्रसिद्ध आहे. आयर्लंडचा आणि कॅथॉलिकांचा म्हणून हिरवा रंग तेथे इतका वर्ज्य, की इतरत्र हिरवी पाटी लावणाऱ्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानाने तेथे काळी पाटी लावल्याचे वृत्तपत्रांनी चवीने छापले होते. २०२१ मध्ये येथे एसएनपीला ४६.२, मजूर पक्षाला ३३.६ आणि हुजूर पक्षाला १७.५ टक्के मते होती. या तिघांच्या खेळात आता चौथा आला होता : नायजेल फराज यांचा रिफॉर्म यूके. त्याचे उमेदवार रॉस लॅम्बी हे पूर्वाश्रमीचे हुजूर नगरसेवक.

प्रचार तापला तो एका जाहिरातीवरून. मजूर पक्षाचे स्कॉटलंडमधील नेते अनस सरवर हे पाकिस्तानी वंशाचे. त्यांचे वडील मोहम्मद सरवर १९९७ मध्ये ग्लासगोतून खासदार झाले आणि पुढे पाकिस्तानातील पंजाबचे राज्यपाल. अनस सरवर हे पाकिस्तानी समाजालाच प्राधान्य देतील, असे रिफॉर्मच्या जाहिरातीने सांगितले. ज्या भाषणाचा तुकडा तीत वापरला होता, त्यात ते तसे बोलले नव्हते. मजूर आणि एसएनपी दोघांनीही जाहिरातीचा वंशवादी म्हणून निषेध केला. निषेधात एक झालेले हे दोन पक्ष मते मागताना मात्र एकमेकांच्या उरावर बसले होते.

एसएनपीचे नेते आणि प्रथम मंत्री जॉन स्विनी यांनी येथे आपला डाव टाकला. लढत केवळ एसएनपी आणि रिफॉर्म यांच्यात आहे, मजूर पक्ष स्पर्धेतून बाद झाला आहे. फराज यांचा उमेदवार नको असेल तर मजूर मतदारांनी एसएनपीला मत द्यावे, असे ते जाहीरपणे सांगू लागले. अनेक निरीक्षकांनाही ते पटले. मजूर उमेदवार डेव्ही रसेल यांनी दूरचित्रवाणीवरील वादसभेस जाण्याचे टाळले, तेव्हा तर त्यांची सर्वत्र टिंगल झाली. रसेल हे स्थानिक गृहस्थ. वक्तृत्व बेताचे, पण गावात ओळखदेख पुष्कळ.

ब्रिटनमधील प्रचाराचा कणा म्हणजे घरोघरचा संपर्क. कार्यकर्ता दार ठोठावतो आणि आपल्याकडे उद्धटपणाचा वाटेल असा प्रश्न सरळ विचारतो : आपण कोणाला मत देणार? उत्तर यादीत नोंदवले जाते आणि मतदानाच्या दिवशी आपल्या माणसांना त्याच यादीवरून बाहेर काढले जाते. या याद्या कोणी दूरचित्रवाणीवर दाखवत नाही. मजूर पक्षाने हे काम गाजावाजा न करता चालू ठेवले होते.

५ जूनच्या मध्यरात्रीनंतर निकाल लागला. रसेल ८,५५९. एसएनपीच्या केटी लाउडन ७,९५७. लॅम्बी ७,०८८. ज्याला बाद ठरवले होते तो मजूर पक्ष ६०२ मतांनी विजयी झाला.

या आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. मजूर पक्षाला ३१.६ टक्के मते मिळाली, म्हणजे २०२१ मध्ये हरताना मिळाली होती त्याहून दोन टक्के कमी. त्याने एसएनपीची मते ओढून किल्ला सर केला असे म्हणता येणार नाही. एसएनपीच सुमारे १७ टक्क्यांनी ढासळली आणि मजूर पक्ष होता तेथे जवळपास उभा राहिला. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात सहा टक्क्यांचेही अंतर नव्हते. डावपेचाचे मत देणाऱ्याला एक गोष्ट निश्चित ठाऊक असावी लागते, ती म्हणजे शर्यतीत पुढे कोण आहे. तिघे खांद्याला खांदा लावून धावत असताना ते कोणालाच ठाऊक नसते, आणि ते सांगण्याचा आव आणणारा बहुधा शर्यतीतलाच एक गडी असतो. समजा, स्विनी यांच्या शब्दावर विश्वास ठेवून आणखी ३०२ मजूर मतदार एसएनपीकडे गेले असते, तर निकाल उलटला असता. रिफॉर्मला रोखण्याच्या सद्भावनेने त्यांनी रिफॉर्मला रोखणाऱ्या, जिंकत आलेल्या आपल्याच उमेदवाराला पाडले असते. अशा प्रचाराला केवळ चतुराई म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. प्रथम मंत्र्याच्या पदाला वजन असते. त्या पदावरून ‘अमुक पक्ष संपला’ असे सांगितले जाते तेव्हा त्याला अंदाजापेक्षा बातमीचे मोल येते.

त्याचा उलटा परिणाम झाला असण्याचीही शक्यता आहे. लढत दोघांतच आहे असे वारंवार सांगितल्याने, एसएनपीवर नाराज असलेल्या मतदाराला तिला शिक्षा करण्याचा मार्ग म्हणून रिफॉर्मचे नाव सत्ताधाऱ्यांनीच सुचवले. सरवर यांचा आरोप तोच होता : एसएनपी रिफॉर्मला मोठे करीत आहे. मतदान गुप्त असल्याने कोण कोठून कोठे गेला हे मतपेटी सांगत नाही.

या सर्व व्यवहारात आपल्या माणसांचाही सहभाग असतो. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय पारपत्रधारकाला तेथील निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे. स्कॉटिश पार्लमेंटसाठी तर २०२० च्या कायद्याने सर्वच कायदेशीर रहिवासी परदेशीयांना तो मिळाला आणि वयाची अट १६ वर्षांची आहे. ग्लासगो-एडिंबरोत नोकरीनिमित्त गेलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबाच्या दाराशीही तो कार्यकर्ता हातात यादी घेऊन येतो आणि तोच प्रश्न विचारतो.

उरला हुजूर पक्ष. २०२१ मध्ये ६,३३२ मते घेणाऱ्या या पक्षाला २०२५ मध्ये १,६२१ मते पडली. मतदानच ४४ टक्के झाले, तेव्हा काही जण घरी बसले असतील. उरलेले बरेचसे बहुधा रिफॉर्मकडे आणि काही मजूर पक्षाकडे गेले असतील. सहा टक्क्यांनी अनामत तेवढी वाचली. आपला उमेदवार चौथा येणार हे त्या १,६२१ जणांना पत्रकांनी, वृत्तपत्रांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलेच असणार. तरीही ते मतदानकेंद्रावर गेले आणि त्यांनी आपल्याच पक्षाच्या नावापुढे फुली मारली.